पेमाच्या खिशातला लाल उजेड

मित्रांनो, मला हातात घेण्याआधी हात धुतले आहेत ना? रागावू नका. मी प्रत्येकाला हेच विचारतो. संशय घेणे हा माझा स्वभाव आहे आणि धंदाही तोच आहे. इतक्या वर्षांत मी कोणावर पटकन विश्वास टाकला, असे मला तरी आठवत नाही.

मी एक जुना लाल लाईटचा पेन आहे. नाव पेन असले तरी माझ्याने एक अक्षरही लिहून होत नाही. बटण सरकवले की माझ्या तोंडात लाल उजेड पेटतो, आणि फायबरच्या तारेचे टोक माझ्या तोंडात खोचले की तो उजेड तारेत शिरतो. फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काचेची तार. तुम्ही फोनवर गाणी ऐकता, चित्रे पाहता, ते सगळे उजेड होऊन अशाच तारांमधून धावत येते. तार धड असेल तर माझा लाल उजेड दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. ती कोणी दाबली, मुरगळली किंवा तोडली असेल तर उजेड तिथेच फुटून बाहेर येतो आणि चोरी उघडी पडते. पण माझ्या तोंडात डोळा घालून पाहू नका हं, डोळ्याला इजा होते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ते नांदेडच्या एका दुकानातले काचेचे कपाट आणि मला उलटसुलट करून पाहणारी दिपा. ती सेनगावजवळच्या एका तांड्यावरची मुलगी. मोठमोठ्या इमारतींमध्ये फायबरचे जाळे कसे टाकायचे, त्याचे आराखडे ती करते. तिने मला विकत घेतले आणि त्याच दिवशी पेमाच्या खिशात खोचून दिले. पेमा तिच्याच तांड्यावरचा, तिच्या वडिलांचा चुलतभाऊ. आधी तो रस्त्याकडेचे चर खणायचा, मग त्यात केबल टाकायला शिकला. त्याची बोटे जाडजूड आणि भेगाळलेली, पण काचेची तार हातात आली की ती बोटे अशी हलकी होत की मलाही आश्चर्य वाटे. दिपा त्याला पेमाकाका म्हणे. दोघे एकमेकांशी गोरमाटीत बोलत, तांड्यावरच्या त्यांच्या बोलीत.

आम्ही तिघांनी बरीच कामे केली. परभणीची एक शाळा, वसमतची एक बँक, आणखी दोन-तीन कचेऱ्या. तिथे मी माझ्या संशयी स्वभावाला पोटभर खाऊ घातला. सुतार आला की मला वाटे, हा खिळा नेमका तारेवर ठोकणार. रंगारी आला की वाटे, हा शिडी तारेवर टेकवणार. उंदरांविषयी तर बोलायलाच नको. आणि दहापैकी आठ वेळा माझा संशय खरा ठरे. माझा लाल ठिपका भिंतीत चमकला की दिपा म्हणे, “सापडलं!” मग पेमा मला सदऱ्याला पुसून खिशात ठेवी, आणि माझी छाती फुगून जाई.

मग हिंगोलीत एका मोठ्या दवाखान्याची नवी इमारत उभी राहिली. चार मजले, दोन जिने, सव्वाशे खाटा. त्या इमारतीचे जाळे दिपाकडे आले.

दिपा आराखडा करू लागली की मला फार बरे वाटायचे, कारण त्या वेळी ती अगदी माझ्यासारखी होऊन जायची. प्रत्येक भिंतीवर तिचा संशय. “या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे का? मग पाणी झिरपेल. इथून स्ट्रेचर जाणार का? मग चाक घासेल.” टेप धरून तिने आणि पेमाने तीन दिवस इमारत पालथी घातली. तळमजल्यावरची एक कोरडी खोली तिने मुख्य यंत्रांच्या रॅकसाठी निवडली. तिथून वर जायला तिने दोन वाटा काढल्या, एक पूर्वेच्या जिन्याशेजारून आणि दुसरी पश्चिमेच्या. प्रत्येक मजल्यावर कुलूपबंद डबा. प्रत्येक डब्यात जास्तीच्या तारेचे वेटोळे, कारण तार तुटली तर पुन्हा जोडायला लांबी लागते. वळण द्यायचे ते वाटीच्या काठापेक्षा अरुंद नको, अशी तिची सक्त ताकीद होती.

दवाखान्याचे व्यवस्थापक सूर्यकांतराव एका देवस्थानच्या पुजाऱ्यांच्या घराण्यातले. गोल चष्मा, इस्त्रीचा सदरा, बोलणे गोड. आराखडा पाहून त्यांनी विचारले, “मॅडम, एक वाट बराबर आहे की. दोन कशाला?”

“एक तुटली तर दुसरीवरून काम चालू राहील,” दिपा म्हणाली. “दवाखाना आहे, साहेब. खालचा एक्स-रे वरच्या डॉक्टरांना त्याच मिनिटाला दिसला पाहिजे.”

“आणि तार टाकणारा माणूस भरवशाचा आहे ना?”

“हे पेमाकाका. माझ्या घरचेच आहेत. सगळा नकाशा वाचतात, त्यातलं अक्षर न् अक्षर.”

पेमाने मान खाली घातली. मी त्याच्या खिशात होतो, म्हणून त्याच्या छातीची धडधड मला ऐकू आली. आपले कौतुक चालले असताना हा माणूस मान खाली का घालतो? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती त्या दिवसापासून.

काम मात्र सुरेख झाले. रॅकच्या खोलीची किल्ली दिपाकडे राहिली, मजल्यांवरच्या डब्यांच्या किल्ल्या पेमाकडे. नवरात्र आले तेव्हा सगळ्या तारा जागच्या जागी बसल्या होत्या. खंडेनवमीला सूर्यकांतरावांनीच सुचवले, की अवजारांची पूजा रॅकच्या खोलीत करू. एका पाटावर आम्ही सगळे मांडले गेलो. ड्रिल मशीन, पकडी, तारा जोडायचे यंत्र, शिडीची एक पायरी टेकवलेली, आणि पुढच्या ताटात मी. दिपाने प्रत्येकाला हळदकुंकू वाहिले. माझ्यापाशी आल्यावर तिला काय वाटले कोण जाणे, तिने माझे टोपण काढले, बटण सरकवले आणि मला पेटते ठेवले.

“पूजेला दिवा पाहिजे ना? आमच्या कामाचा दिवा हाच.”

सगळे हसले. सूर्यकांतरावांनी मला नमस्कार केला. मी ताटात हळदीच्या लहानशा ढिगाशेजारी आडवा झालो होतो. आमच्या जिल्ह्याची हळद ती, रंगाला पक्की आणि दळायला मऊ. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला देव केले होते. त्या आनंदात आजूबाजूला काय चालले आहे इकडे माझे लक्षच नव्हते. आरती झाली, ताट उचलले, हलले, पुन्हा ठेवले. मग दिपाने मला उचलून ओढणीच्या टोकाने नीट पुसले आणि टोपण लावले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेवटची तपासणी होती. ती होईपर्यंत जाळे बंद ठेवायचे आणि दुपारी तीन वाजता दवाखान्याच्या सगळ्या लोकांसमोर सुरू करायचे, असे ठरले होते. सकाळी दिपा खाली रॅकपाशी बसली आणि पेमा मजल्यांवर गेला. दिपा एकेका तारेचे टोक काढून माझ्या तोंडात खोची, मी उजेड सोडी, आणि वरून फोनवर पेमाचा आवाज येई, “दिसला!” पूर्वेच्या वाटेच्या तारा झाल्या, पश्चिमेच्या झाल्या. ऐंशी तारा, ऐंशी वेळा “दिसला!”

मध्येच एकदा पेमा म्हणाला, “दिपा, आज उजेड जरा बारीक येऊन राहिला.”

“सेल उतरला असेल, काका. दिसतो ना? मग झालं.”

तीन वाजता दिपाने बटण दाबले. तळमजल्यावर एक्स-रे काढणाऱ्या सरलाबाईंनी एक चित्र वर पाठवले. वरच्या पडद्यावर काहीच उमटले नाही. पुन्हा पाठवले. पडदा कोराच. सगळे लोक आधी पडद्याकडे आणि मग दिपाकडे पाहू लागले.

दिपाने उजेड मोजायचे मीटर काढले आणि मजल्यांमागून मजले चढली. जिथे तिथे तीच तऱ्हा. खालून निघालेला उजेड वर येता येता जवळजवळ संपलेला. तिने मला पुन्हा लावून पाहिले, तर माझा लाल ठिपका पलीकडे दिसत होता. म्हणजे तार तुटलेली नव्हती. सवयीने तिने मला परत पेमाच्या खिशात खोचले.

“सकाळी सगळं ठीक होतं,” ती पुटपुटली. “सकाळनंतर कोणीतरी हात लावलाय.”

मित्रांनो, सकाळी सगळे ठीक होते हे तिला कोणी सांगितले? मी! माझ्या लाल ठिपक्यावर तिने डोळे झाकून विश्वास ठेवला. आणि मीही खुशाल मानून चाललो, की माझी साक्ष खरी आहे.

“एक वाट बंद पडली असती तर मी समजलो असतो,” सूर्यकांतराव चष्मा पुसत म्हणाले. “पण अपघात दोन-दोन जिने चढत नाही, मॅडम. दोन्ही वाटा कुणाला माहीत आहेत?”

उत्तर सोपे होते. दिपाला आणि पेमाला. जाळे इतके पक्के विचार करून बांधले होते की आता त्याचे बंद पडणे कोणाला साधे वाटेचना.

सरलाबाई बिचकत बोलल्या, “मला कुणाचं वाईट करायचं नाही. पण पेमाभाऊ आज दुपारी दीड-दोन तास तिसऱ्या मजल्यावर डबा उघडून बसले होते. मी विचारलं, काय करून राहिले, तर त्यांनी झाकणच लावून घेतलं.”

तिसऱ्या मजल्यावरचा डबा उघडला. आत प्रत्येक तारेला एकेक रंगीत दोरा बांधलेला होता. लाल, पिवळा, निळा, हिरवा, कुठे दोन रंगांची गाठ. चौथ्या मजल्यावरही तेच. दिपाच्या आराखड्यात असे दोरे कुठेच नव्हते. खुणा! नक्की खुणा! मान खाली घालणारा माणूस, झटकन लावलेले झाकण आणि आता हे दोरे. मी खिशात बसून पेमाविरुद्ध सगळा पुरावा जमवून टाकला.

दवाखान्याच्या मोठ्या दालनात, नाव नोंदवायच्या खिडकीसमोर, पेमाला उभे केले. रुग्ण होते, नातेवाईक होते, पहारेकरी होता. दिपा त्याच्याशी मराठीत बोलली. गोरमाटीतला एक शब्दही नाही, आणि काका हा शब्दही नाही.

“हे दोरे कशाचे?”

पेमा फरशीकडे पाहत राहिला.

“दोन तास काय करत होता तुमी तिथं?”

“म्या काही बिगडवलं न्हाई.”

“मग दोरे कशाचे ते सांगा ना!”

त्याने एकदा सूर्यकांतरावांकडे पाहिले, एकदा दिपाकडे पाहिले आणि ओठ मिटून घेतले. सूर्यकांतराव हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “तुमच्या शब्दावर आम्ही तांड्यावरचा माणूस ठेवला, मॅडम. तकलीफ आता आम्हाला.”

ते वाक्य दिपाच्या वर्मी लागले, कारण तीही तांड्यावरचीच. आपला माणूस म्हणून पाठीशी घातले, असे कोणी म्हणू नये, एवढेच तेव्हा तिच्या मनात आले असावे. तिचा आवाज एकदम कोरडा झाला.

“उद्यापासून तुमी कामावर येऊ नका. किल्ल्या द्या.”

पेमाने करदोड्याला अडकवलेल्या किल्ल्या सोडून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. मग मला खिशातून काढले आणि किल्ल्यांशेजारी ठेवले. इतकी वर्षे त्याच्या खिशाची ऊब माझ्या अंगावर होती, आणि आता थंडगार फरशी लागली.

“हा पेन तपासून घे,” तो म्हणाला. “उजेड बारीक हाय त्याचा.”

एवढे बोलून तो बसस्टँडच्या दिशेने चालू लागला. पहारेकऱ्याने त्याची पिशवी उघडून पाहिली. पेमाने ती निमूट पाहू दिली.

पुढचे चार दिवस वाईट गेले. सरलाबाई एक्स-रेच्या फिल्मा हातात घेऊन जिने चढत-उतरत होत्या. दिपाने माझा सेल बदलला. उजेड तरीही बारीकच राहिला, पण तिला त्याचा विचार करायला उसंत कुठे होती? तिने सगळ्या मजल्यांचे डबे तपासले, दोरे सोडले, वेटोळी उलगडली, पुन्हा घातली. काही केल्या दोष सापडेना. खालच्या रॅककडे मात्र तिने पाहिलेही नाही. त्या खोलीची किल्ली तिच्याच पर्समध्ये होती ना! पूजेनंतर तिथे तिच्याशिवाय कोणी गेलेच नव्हते. मग तिथे काय बिघडणार?

शेवटी तिने पूर्वेच्या जिन्यावरून एक नवी कोरी तार तिसऱ्या मजल्यापर्यंत सोडली. तात्पुरती. मीटरने मोजले, तर उजेड भरपूर. दिपाला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. मग नेहमीच्या सवयीने तिने खाली येऊन त्या तारेचे टोक माझ्या तोंडात खोचले. वर सरलाबाईंना फोनवर विचारले, “लाल दिसतंय?” सरलाबाई म्हणाल्या, “दिसतंय.” तिने टोक काढून परत रॅकमध्ये बसवले, वर जाऊन पुन्हा मोजले आणि मीटरकडे पाहतच राहिली. उजेड गेला होता.

ती खाली आली. खोलीचे दार लावून स्टुलावर बसली. पेमा सेनगावकडे आपल्या तांड्यावर होता. सरलाबाई तिसऱ्या मजल्यावर होत्या. खोलीत संशय घ्यायला ती आणि मी, एवढे दोघेच होतो. तिने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले. मला वाटले, आता ही म्हणेल, कोणीतरी दाराआड लपले असणार. मीही तेच म्हटले असते.

तिने स्पिरिटची बाटली काढली. काडीला एक मऊ पांढरा कपडा गुंडाळला, माझ्या तोंडात आत खोलवर घातला आणि फिरवून बाहेर काढला. कपड्यावर पिवळा ठिपका होता.

मित्रांनो, तो क्षण मी विसरू शकत नाही. हळद! खंडेनवमीला ताट हलले तेव्हा ती माझ्या तोंडात गेली होती, आणि ओढणीने पुसली गेली ती फक्त बाहेरची. दसऱ्यानंतर ज्या ज्या तारेचे टोक माझ्या तोंडात आले, त्या प्रत्येकीला मीच हळद लावून परत पाठवले होते. एक पूर्वेची, एक पश्चिमेची, ऐंशीच्या ऐंशी. लाल उजेड त्या हळदीतून कसाबसा गेला, आणि बातम्या वाहणारा नाजूक उजेड मात्र अडला. जिल्हाभर ज्याच्या त्याच्यावर संशय घेत फिरणारा मी, आणि खोट माझ्याच तोंडात निघाली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दिपाने दुपारपर्यंत रॅकमधले एकेक टोक आणि प्रत्येक टोकाची खोबण पुसली. जाळे झरझर सुरू झाले. वरच्या पडद्यावर एका म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्याचे चित्र लख्ख उमटले. दिपा तडक सूर्यकांतरावांच्या खोलीत गेली आणि तिने सगळे सांगितले.

सूर्यकांतरावांनी आधी दार लोटून घेतले. “सुरू झालं ना? मग विषय संपला. कुठंतरी सैल झालं होतं म्हणा. पूजेनं बिघडलं म्हटलं तर लोक हसतील. तुमचं नाव जाईल, आमचंही जाईल. पेमा तर गेलाच आहे.”

दिपाने त्या लोटलेल्या दाराकडे पाहिले. खरे सांगतो, मला वाटले ती हो म्हणणार. मीही मनातून तेच मागत होतो, कारण माझीही लाज झाकली गेली असती. पण ती उठली आणि म्हणाली, “मी उद्या सुट्टी घेते.”

दुसऱ्या दिवशी मी तिच्या पर्समध्ये बसून जीपने सेनगावला गेलो आणि तिथून पुढे तांड्यावर. सोयाबीनची मळणी जोरात चालू होती. धुळीने सगळे पिवळट झाले होते. पेमा मळणीयंत्रात पेंढ्या टाकत होता. त्याची बायको शकुंतलाबाई कडेला बसून सुपाने सोयाबीन पाखडत होती. दिपाला पाहून यंत्र थांबवले गेले. आजूबाजूची चार घरे जमा झाली.

दिपाने सगळ्यांसमोर सांगितले. पूजा, हळद, पेन, सगळे. “काका, चूक माझी होती. मी तुमच्यावर ढकलली ती.” बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

पेमाने हातातली पेंढी खाली ठेवली. बोलली ती शकुंतलाबाई. “ते दोरे माझे व्हते. कशिद्याचे. प्रत्येक तारेवर तू इंग्रजी अक्षरं चिकटवली, आन् ह्यान्ला इंग्रजी येत न्हाई. दवाखान्यातली लोकं विचारतील ही तार कोणती, तवा चुकाया नको म्हून दुपारी बसून दोरे बांधले. रंग ध्यानात ऱ्हातात ह्यांच्या.”

“मग काका, तुम्ही तेव्हा सांगितलं काहून नाही?”

“काय सांगतील?” शकुंतलाबाईने सूप खाली ठेवले. “त्या साहेबाला तूच बोलली व्हतीस ना, काका अक्षर न् अक्षर वाचतात? तुझा शब्द चारचौघांत खोटा पाडायचा व्हता का ह्यांनी?”

मला पेमाच्या छातीची ती धडधड आठवली. तिचा अर्थ मी किती वेगळा लावला होता! आपण गुन्हेगार ठरलो तरी चालेल, पण पोरीचा शब्द खाली पडू नये, असे वाटणारा माणूस माझ्या शेजारी रोज होता आणि मी त्याच्यावर पाळत ठेवून बसलो होतो.

“चल ना काका परत,” दिपा म्हणाली. आता ती गोरमाटीत बोलत होती. “मी माफी मागते.”

पेमाने कपाळावरचा घाम पुसला. “इथं मागून काय उपेग? इथं तांड्यावर मला कोणी चोर म्हणत न्हाई. जिथं म्हणाले, तिथं सांग.”

“सांगते.”

“आन् दोऱ्याचं बी सांग. मला इंग्रजी येत न्हाई, हे बी सांग. आता लाजून काय करू?”

सोमवारी सकाळी दहा वाजता दवाखान्याच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. दिपा नाव नोंदवायच्या खिडकीसमोर, त्याच जागी, उभी राहिली. पेमा तिच्या शेजारी होता, धुतलेला सदरा घालून. सूर्यकांतराव धावत आले आणि कानाशी म्हणाले, “मॅडम, माझ्या खोलीत बसू.”

“त्या दिवशी आपण खोलीत बसलो नव्हतो, साहेब,” दिपा म्हणाली, आणि तिने आवाज चढवला. “ऐका जरा! मागच्या आठवड्यात इथं मी या माणसाला कामावरून काढलं. बिघाड त्यांनी केला नव्हता. मी केला होता. माझ्या पेनात हळद गेली होती आणि मी ती प्रत्येक तारेला लावली. उजेड बारीक आहे, हे यांनी मला दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही. ते दोरे यांनी तारा ओळखायला बांधले होते, कारण मी इंग्रजीत लिहिलं होतं आणि ते यांना वाचता येतं की नाही, हे मी कधी विचारलंच नाही.”

एका म्हाताऱ्याने शेजारच्याला विचारले, “काय झालं?” शेजारच्याने सांगितले, “ती पोरगी म्हणते, चूक तिची हाय.” सरलाबाई पुढे आल्या आणि पेमाला हात जोडून म्हणाल्या, “भाऊ, मीही बोलले होते. चुकलं माझं.” पहारेकरी चपला पाहत उभा राहिला. सूर्यकांतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दिपाने कट्ट्यावर आणून ठेवलेल्या डब्यांच्या किल्ल्या त्यांनी उचलल्या आणि स्वतःच्या हाताने पेमासमोर धरल्या.

पेमाने किल्ल्या लगेच घेतल्या नाहीत. ज्या पहारेकऱ्याने त्याची पिशवी उघडली होती, त्याच्याकडे त्याने आधी पाहिले. पहारेकऱ्याने मान डोलावली. मग पेमाने हात पुढे केला.

“तिसऱ्या मजल्यावरचा डबा आधी उघडू,” तो दिपाला म्हणाला. “तिथं तू वेटोळं फार आवळून ठेवलं असशील.”

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझे बटण अडकते, टोपणाला चिकटपट्टी लावली आहे. संशय घ्यायचे मी सोडलेले नाही. सोडून चालणारही नाही, भिंतीत उंदीर आहेतच. पण आता कामाच्या आधी पेमा स्पिरिटने माझे तोंड आतून पुसतो, आणि ते पुसून होईपर्यंत मी कोणाचेही नाव मनात आणत नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी वस्तू असेल तर तिची पूजा जरूर करा, पण तिचे तोंड झाकून करा आणि नंतर ते नीट स्वच्छ करा. आणि रागाच्या भरात चार माणसांसमोर कोणाला दोष दिलात आणि तो खोटा निघाला, तर तो बंद खोलीत परत घेऊ नका. ती चार माणसे शोधा, त्यांना बसवा आणि त्यांच्यासमोर सांगा. तोपर्यंत तो माणूस त्यांच्या डोळ्यांत चोरच राहतो.